संविधानात्मक शासन

संविधानात्मक शासन : राज्यकर्त्यांचे अधिकार ज्या व्यवस्थेत मूलभूत नियमांनी बांधलेले असतात, ते नियम राज्यकर्त्यांना स्वतःच्या मर्जीने बदलता येत नाहीत आणि ते मोडले गेल्यास साध्या नागरिकालाही दाद मागता येते, ती शासनव्यवस्था. देशाला संविधान असले म्हणजे शासन संविधानात्मक झाले, असे नाही. आज जवळपास प्रत्येक देशाला संविधान आहे. हुकूमशहाही ते मोठ्या थाटात छापून घेतात. उलट ब्रिटन आणि न्यूझीलंड यांच्याकडे एका दस्तऐवजात बांधलेले संविधान नाही. तिथले नियम संसदेचे कायदे, न्यायनिवाडे आणि संकेत यांत विखुरलेले आहेत. मराठीत ‘राज्यघटना’ आणि ‘संविधान’ हे दोन्ही शब्द चालतात. पण संकल्पनेचा गाभा पकडतो तो ‘घटनाबाह्य’ हा शब्द. सरकारचे कृत्यही हद्दीबाहेरचे ठरू शकते, ही कल्पनाच मुळात नवी होती.

ती हद्द आखण्याचा नियम सांगायला सोपा आहे. नागरिकाला जे मना केलेले नाही ते सगळे करता येते. सरकारला मात्र कायद्याने जेवढे करू दिले आहे तेवढेच करता येते. म्हणजे ‘हे करायचा अधिकार तुम्हाला कोणत्या कायद्याने दिला?’ या प्रश्नाचे उत्तर सरकारी अंमलदाराला द्यावे लागते, नागरिकाला नाही. यालाच कायद्याचे राज्य म्हणतात.

हा प्रश्न नेमका कसा विचारला जातो, ते लंडनमधल्या एका खटल्यात दिसते. नोव्हेंबर १७६२ मध्ये राजाचे चार दूत जॉन एन्टिक या लेखकाच्या घरात घुसले. सरकारविरोधी लिखाण केल्याचा त्याच्यावर संशय होता आणि मंत्री लॉर्ड हॅलिफॅक्स यांच्या सहीचे फर्मान दूतांच्या हाती होते. चार तास त्यांनी घर उपसले, कुलपे फोडली, कप्पे उघडून कागदपत्रे नेली. एन्टिकने दूतांवरच दावा लावला. अशी फर्माने वर्षानुवर्षे निघत आली आहेत आणि राज्य चालवायला ती लागतातच, असा बचाव झाला. १७६५ च्या निकालात लॉर्ड कॅमडेन यांनी तो फेटाळला. असा कायदा असेल तर तो ग्रंथांत सापडेल. सापडत नसेल तर तो कायदा नव्हे, असे त्यांचे म्हणणे. राज्याची गरज ही सबब त्यांनी कायदा म्हणून मानलीच नाही. एन्टिकला ३०० पौंड भरपाई मिळाली. दुसऱ्याच्या जमिनीत आगंतुकपणे घुसणाऱ्या कोणाही माणसाला जो कायदा लागू होता, तोच मंत्र्याच्या माणसांना लावला गेला, हे या निकालातले खरे महत्त्वाचे.

अधिकार दिलेला असला तरी तो दिलेल्या कामासाठीच वापरायचा असतो. बर्लिनच्या क्रॉइत्सबेर्ग टेकडीवरील स्मारक दुरून दिसत राहावे म्हणून पोलिसांनी आसपास उंच इमारती बांधण्यावर बंधन घातले होते. प्रशियाच्या उच्च प्रशासकीय न्यायालयाने १८८२ मध्ये ते रद्द केले. पोलिसांचे काम धोका टाळण्याचे. शहराची शोभा राखणे हे काम त्यांना कोणी दिलेले नव्हते. हेतू चांगला होता की वाईट, हा मुद्दाच नव्हता.

सत्ता एका हाती राहू नये म्हणून कायदा करणारे, राबवणारे आणि त्याचा अर्थ लावणारे वेगळे ठेवतात. सत्ताविभाजनाची ही मांडणी फ्रेंच विचारवंत माँतेस्क्यूने १७४८ मध्ये इंग्लंडचा दाखला देऊन केली. गंमत अशी, की इंग्लंडात ती तितकी काटेकोर कधीच नव्हती. संसदीय पद्धतीत मंत्रिमंडळ विधिमंडळातूनच निघते, त्यामुळे या दोहोंतली भिंत पातळच राहते. अमेरिकेने ती जाड बांधली. दोन्हीकडे न्यायालय मात्र वेगळे असावे लागते, आणि खजिन्याच्या किल्ल्या प्रतिनिधींच्या हाती. संसदेच्या संमतीविना कर नाही आणि शांततेच्या काळात खडे सैन्य नाही, ही इंग्लंडच्या १६८९ च्या अधिकारविधेयकातील कलमे रूक्ष वाटतात. पण राजांना वठणीवर आणले ते मुख्यतः पैशाच्या कलमांनी. १२१५ च्या मॅग्ना कार्टाचे, म्हणजे इंग्लंडच्या राजाने दिलेल्या हक्कांच्या सनदेचे, कौतुक फार होते. ती मूळ सनद पोपने जेमतेम दहा आठवड्यांत रद्द ठरवली होती, हे सहसा सांगितले जात नाही. पुढे ती पुनःपुन्हा जारी झाली म्हणून टिकली.

विधिमंडळानेच हद्द ओलांडली तर? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८०३ मध्ये मार्बरी खटल्यात याचे उत्तर दिले. विल्यम मार्बरी यांची दंडाधिकारी म्हणून नेमणूक झाली होती, पण नेमणुकीचा कागद त्यांच्या हाती पडलाच नाही. सरन्यायाधीश जॉन मार्शल म्हणाले, कागद मिळण्याचा त्यांचा हक्क आहे. मात्र तो थेट या न्यायालयाकडे मागण्याची सोय ज्या कायद्याने केली, तो कायदाच संविधानाशी विसंगत म्हणून निरर्थक आहे. लहानसा अधिकार नाकारून न्यायालयाने फार मोठा अधिकार मिळवला. तो कागद वेळेत पोचता करण्याची जबाबदारी तेव्हाचे परराष्ट्रमंत्री या नात्याने मार्शल यांचीच होती. आजचा न्यायाधीश अशा खटल्यातून आधीच बाजूला झाला असता.

कायदे तपासण्याचा हा अधिकार, म्हणजे न्यायालयीन पुनर्विलोकन, सगळीकडे सारखा नाही. ऑस्ट्रियाने १९२० मध्ये त्यासाठी स्वतंत्र संविधान न्यायालय नेमले. नेदरलँड्सच्या संविधानातील १२० वे कलम न्यायाधीशांना संसदेचा कायदा घटनाबाह्य ठरवायला मनाईच करते. ब्रिटनमध्ये १९९८ च्या मानवी हक्क कायद्यानुसार न्यायालय संसदेचा कायदा हक्कांशी विसंगत असल्याचे जाहीर करू शकते, रद्द करू शकत नाही. पुढचे संसदेवर सोपवलेले असते.

नागरिकांच्या अधिकारांची यादी संविधानात असावी की नसावी, यावरही एकेकाळी वाद होता. १७८७ च्या अमेरिकी संविधानात ती नव्हती. त्या संविधानाचे पुरस्कर्ते अलेक्झांडर हॅमिल्टन यांना ती धोक्याची वाटे: वृत्तपत्रांवर बंधने घालण्याचा अधिकार सरकारला दिलेलाच नसताना ‘बंधने घालू नयेत’ असे लिहिले, तर तो अधिकार होता असा अर्थ कोणी काढेल. युक्तिवाद बिनतोड होता, पण लोकांना पटला नाही. १७९१ मध्ये दहा दुरुस्त्या जोडल्या गेल्या. त्यांतली नववी, यादीत नसलेले हक्क नाकारले गेले असे समजू नये, हे सांगणारी, हॅमिल्टन यांच्या शंकेलाच दिलेले उत्तर आहे.

अधिकार सहसा निरपवाद नसतात. छळापासून मुक्तता यांसारखे मोजकेच तसे मानले जातात. बाकीच्यांवर बंधन येऊ शकते, पण ते कायद्याने, योग्य कारणासाठी आणि गरजेपुरते. कलम वाचताना बंधनाचे शब्द आधी पाहावेत. सोव्हिएत संघाच्या १९३६ च्या संविधानाने भाषण, मुद्रण आणि सभा यांचे स्वातंत्र्य ‘श्रमिकांच्या हिताला अनुसरून’ दिले होते. श्रमिकांचे हित कशात हे कम्युनिस्ट पक्ष ठरवणार, म्हणजे स्वातंत्र्य त्या तीन शब्दांतच संपले.

घर, आरोग्य, शिक्षण अशा हक्कांची बाब निराळी. त्यांना पैसा लागतो. दक्षिण आफ्रिकेच्या संविधान न्यायालयाने २००० मधील ग्रूटबूम खटल्यात मध्यम मार्ग काढला: प्रत्येकाला लगेच घर मागता येणार नाही, पण डोक्यावर छप्परच नसलेल्यांना वगळणारी गृहनिर्माण योजना वाजवी म्हणता येणार नाही.

दाद मागायची सोय नसेल तर या याद्यांना कागदापलीकडे किंमत नाही. म्हणूनच थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा हक्क देणाऱ्या अनुच्छेद ३२ ला डॉ. आंबेडकरांनी भारतीय संविधानाचा आत्मा आणि हृदय म्हटले. अशा उपायांतला सर्वांत जुना देहोपस्थितीचा. कोंडलेल्या माणसाच्या वतीने दुसरा कोणीही अर्ज करतो आणि कोंडणाऱ्याला त्या माणसासह न्यायालयापुढे येऊन कोणत्या कायद्याने कोंडले ते सांगावे लागते. लंडनच्या त्या खटल्यातलाच प्रश्न, फक्त घराऐवजी देहाबद्दल.

खरी कसोटी आणीबाणीत लागते. जर्मनीच्या १९१९ च्या वायमार संविधानातील ४८ वे कलम अध्यक्षांना सात मूलभूत हक्क तात्पुरते स्थगित करू देत होते. राइशटाग, म्हणजे जर्मन संसदेची इमारत, जळाल्यावर दुसऱ्याच दिवशी, २८ फेब्रुवारी १९३३ रोजी, ते वापरून हे हक्क स्थगित करणारा हुकूम काढला गेला. नाझी राजवट असेपर्यंत तो हुकूम उठला नाही. ते संविधान मात्र रीतसर रद्द कधी केलेच गेले नाही. पुढे १९४९ च्या जर्मन मूलभूत कायद्याने मानवी प्रतिष्ठेचे तत्त्व कोणत्याही दुरुस्तीच्या आवाक्याबाहेर ठेवले. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्यात सात विरुद्ध सहा मतांनी असाच निष्कर्ष निकालातून काढला: संसदेला घटना दुरुस्त करता येते, तिची मूलभूत चौकट मोडता येत नाही.

तीनच वर्षांनी त्याच न्यायालयापुढे स्थानबद्धांच्या देहोपस्थितीच्या याचिकांचा प्रश्न आला. आणीबाणीतही त्या ऐकता येतात, असे नऊ उच्च न्यायालयांनी म्हटले होते. न्या. ह. रा. खन्ना यांनी महान्यायवादी निरेन डे यांना विचारले, की एखाद्या पोलिसाने वैरापोटी कोणाचा जीवच घेतला तर काही उपाय आहे का? आणीबाणी असेपर्यंत नाही, असे उत्तर मिळाले. २८ एप्रिल १९७६ रोजी चार न्यायाधीशांनी सरकारची बाजू उचलून धरली. विरुद्ध मत एकट्या खन्ना यांचे. पुढच्या जानेवारीत त्यांची ज्येष्ठता डावलून सरन्यायाधीश नेमला गेला आणि त्यांनी राजीनामा दिला. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही अशी तजवीज केली. निकाल स्वतः मात्र आणखी बरीच वर्षे पुस्तकात तसाच राहिला. २०१७ मध्ये खासगीपणाच्या हक्काचा खटला ऐकताना नऊ न्यायाधीशांच्या पीठाने तो मोडीत काढला. १९७६ च्या चौघांत न्या. य. वि. चंद्रचूड होते, २०१७ मध्ये तो निकाल चुकीचा ठरवणारे मत लिहिले त्यांचे पुत्र न्या. धनंजय चंद्रचूड यांनी.