एमसीबी नेमकं कुणाला सांभाळतो?

बाथरूमबाहेरचा स्विचबोर्ड उघडला तेव्हा गीझरची लाल वायर तपकिरी पडली होती. वरचं प्लास्टिक बोटांनी दाबलं की तडकत होतं. गीझर लावून जेमतेम तीन वर्षं झालेली. त्या लाइनचा 16 अँपिअरचा एमसीबी, म्हणजे करंट मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच, आधी सारखा पडायचा, म्हणून कुणीतरी तिथे 32 चा बसवून दिला होता. पडणं थांबलं आणि आम्ही निर्धास्त झालो.

हा उपाय घरोघरी चालतो आणि तो जिवावर बेतू शकतो, म्हणून हे लिहितो आहे. एमसीबी राखण करतो ती मुख्यतः भिंतीतल्या वायरची.

वॅटला व्होल्टने भागलं की अँपिअर मिळतात. 3000 वॅटचा गीझर 230 व्होल्टवर 13 अँपिअर घेतो. आमच्या त्याच लाइनवर वॉशिंग मशीन होतं. पाणी तापवणारा त्याचा हीटर 2000 वॅटचा, म्हणजे आणखी जवळपास 9. दोन्ही एकदम चालू झाले की 22 अँपिअर. बिचारा 16 चा एमसीबी पडत होता तो आपलं काम चोख करत होता म्हणून.

वायर तापते ती करंटच्या वर्गाच्या प्रमाणात. 13 चे 22 झाले की उष्णता जवळपास तिप्पट होते, आणि भिंतीत गाडलेल्या पाइपातून ती सहजी बाहेर पडत नाही. साध्या पीव्हीसी आवरणाची मर्यादा 70 अंश सेल्सिअस. ती रोज ओलांडली की आवरण कडक होत जातं आणि शेवटी तडकतं. 32 च्या एमसीबीला याचा पत्ताही लागत नाही. मानकानुसार 36 अँपिअरवर तो तासभर पडता कामा नये, आणि 46 अँपिअरवरही पडायला त्याला तासाभराची मुभा आहे. आमची वायर होती दीड स्क्वेअर एमएमची, 22 अँपिअरलाही अपुरी!

म्हणून भाजणी चढती हवी: उपकरणाचा करंट सगळ्यात कमी, त्याच्या वर एमसीबी, त्याच्याही वर वायरची क्षमता. 3000 वॅटच्या गीझरला स्वतंत्र लाइन, 16 चा एमसीबी आणि किमान अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर. डीबी, म्हणजे एमसीबींची पेटी, लांब असेल किंवा एकाच पाइपात वायरी कोंबलेल्या असतील, तर चारची घ्यावी. 4500 वॅटचा इन्स्टंट गीझर जवळपास 20 अँपिअर घेतो. त्याला चारची वायर आणि 25 चा एमसीबी लागतो. 16 अँपिअरच्या सॉकेटमध्ये तो लावूच नये, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणाऱ्या डबल पोल स्विचवरून थेट जोडावा.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांचा हिशेब याहून मोठा. तिथल्या इलेक्ट्रिक शॉवरला टाकी नसते, पाणी वाहता वाहताच तापतं. हिवाळ्यात 5 अंशांचं पाणी 40 अंशांवर नेऊन मिनिटाला जवळपास चार लिटर सोडायचं, तर साडेनऊ किलोवॅट लागतात. 240 व्होल्टवर ते 40 अँपिअर होतात. त्यासाठी सहसा 10 स्क्वेअर एमएमची केबल आणि 40 किंवा 45 चा ब्रेकर घालतात. तरी एक खोच उरते. माळ्यावर थंडी अडवणाऱ्या लोकरीसारख्या थरात ही केबल अर्धा मीटर किंवा जास्त अंतर पूर्ण वेढली गेली, तर तिची क्षमता निम्मीच धरावी लागते. जुना शॉवर काढून जास्त ताकदीचा लावताना आधी केबल कुठून गेली आहे ते पाहून घ्या.

माणसाच्या जिवाची काळजी मात्र एमसीबीवर सोडू नये. ओल्या अंगातून 50 मिलिअँपिअर गेले तरी मृत्यू येऊ शकतो, आणि 16 अँपिअरवाल्याला ते जाणवतही नाहीत. त्यासाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परतला का, हे तो तपासत राहतो आणि फरक दिसताच क्षणार्धात लाइन तोडतो. सोबत खरंखुरं अर्थिंग हवंच.

एक दोष एमसीबी आणि आरसीसीबी या दोघांनाही दिसत नाही, तो म्हणजे ढिला स्क्रू. करंट नेहमीचाच, पण सांध्यापाशी उष्णता साचते आणि सॉकेटचं एक भोक काळवंडतं. गीझर पंधरा मिनिटं चालल्यावर स्विच बंद करा, कोरड्या हाताने प्लग काढा आणि त्याच्या पिना जवळून पाहा. प्लग चटका देण्याइतका गरम लागला किंवा एखादी पिन काळी दिसली, तर त्या दिवशी चुलीवर पाणी तापवा आणि वायरमनला बोलवा.