श्रीलंकेला जायचं की नाही? २०१९ च्या त्या ॲडव्हायजरीची पार्श्वभूमी

ईस्टरच्या रविवारी, २१ एप्रिल २०१९ ला, कोलंबोत आणि इतरत्र चर्चमध्ये, हॉटेलांत जे बॉम्बस्फोट झाले ते परत सांगत बसत नाही, सगळ्यांना आठवतंय. इथे लिहायचंय ते त्यानंतरच्या दीड महिन्याबद्दल, कारण "जावं की नको" हा प्रश्न आपल्याकडे शेकडो घरांत नेमका तेव्हाच आला. परीक्षा संपलेल्या, मे महिन्याची बुकिंग झालेली, कोलंबो-कँडी-नुवारा एलिया-बेंटोटा ही ठरलेली टूर, वर सीताएलियाची अशोकवाटिका बघायची म्हणून आजी-आजोबाही सोबत. २०१८ मध्ये त्या देशात २३ लाखांवर पर्यटक गेले आणि त्यातले सव्वाचार लाख भारतीय, म्हणजे सगळ्यात जास्त आपलेच. स्फोटांत गेलेल्यांतही ११ भारतीय होते.

तसा हा प्रश्न त्या बेटाला नवा नाही. तमिळ वाघांशी (लिट्टे) यादवी युद्ध चालू असताना, जानेवारी १९९६ च्या शेवटच्या दिवशी कोलंबोत मध्यवर्ती बँकेवर ट्रकबॉम्ब आदळला, ९० च्या आसपास माणसं गेली, आणि दोन-अडीच आठवड्यांत तिथे वर्ल्ड कपच्या मॅचेस होत्या. दोन मोठ्या टीम्सनी यायला नकार दिला, पॉइंट्स सोडून दिले. तेव्हा आपले आणि पाकिस्तानचे खेळाडू एकाच टीममधून कोलंबोत जाऊन खेळले, "आम्ही येतोय" एवढंच सांगायला. झिम्बाब्वे आणि केनियाही गेले. २००१ मध्ये विमानतळावर हल्ला झाला आणि तिकडे जाणाऱ्या विमानांचा, जहाजांचा युद्धजोखमीचा विमा महागला, त्याने पर्यटनाला बॉम्बइतकाच फटका दिला.

युद्धाच्या काळातली एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. तेव्हाचे परदेशी इशारे नकाशा बघून काढलेले असायचे. उत्तर आणि पूर्व बंद, दक्षिण किनारा आणि डोंगराळ भाग सांभाळून जा. म्हणून युद्ध संपलं त्या २००९ सालातही साडेचार लाखांच्या जवळपास लोक तिथे जाऊन आले.

२०१९ मध्ये हे झालं नाही. ब्रिटनने २५ एप्रिलला आणि आपण २७ एप्रिलला ॲडव्हायजरी, म्हणजे प्रवाशांसाठीचा सरकारी इशारा, काढून सांगितलं की अगदी गरज नसेल तर जाऊ नका, आणि ते सगळ्या देशासाठी. वाद आहे तो इथेच. कोलंबो, नेगोंबो आणि पूर्वेला बट्टिकलोआ, स्फोट या पट्ट्यांत झालेले. गॉल तिथून सव्वाशे किलोमीटर, एल्ला तर दोनशेच्या आसपास. मिरिस्साला व्हेल दाखवणाऱ्या बोटवाल्याचा यात काय संबंध? पण दुसरी बाजूही खरी आहे आणि ती ऐकायलाच हवी. डिसेंबर २०१८ मध्ये बुद्धमूर्ती फोडल्या गेल्या त्या मावनेल्लात, म्हणजे आपल्या टूरच्या बस कँडीला ज्या रस्त्याने जातात त्याच रस्त्यावर. जानेवारीत स्फोटकांचा साठा सापडला तो वायव्येला पुत्तलम जिल्ह्यात. २६ एप्रिलला छापा पडला तो पूर्व किनाऱ्यावर सैंदामरुदूला, आणि त्यात लहान मुलांसकट १५ जण गेले. म्हणजे हल्ला करणाऱ्या इस्लामी अतिरेक्यांचं जाळं बेटभर पसरलेलं, आणि त्यात ईस्टरच्या स्फोटांतल्या मृतांचा सरकारी आकडाच आधी ३५९ आणि मग एकदम २५३. अशा वेळी कुठला भाग सुरक्षित हे कोण छातीठोकपणे सांगणार? ४ एप्रिललाच भारतातून हल्ल्याचा इशारा गेला होता आणि तो दाबून बसले, हे बाहेर आल्यावर तर तिथल्या यंत्रणेच्या शब्दावर विसंबणं कठीणच होतं.

माझं मत विचाराल तर पहिले दोन-तीन आठवडे सरसकट बंदी बरोबर होती. त्यानंतर बेटाचे भाग पाडायला हवे होते. मे महिन्याच्या मध्यावर वायव्येकडे मुस्लिमांच्या घरांवर, दुकानांवर हल्ले झाले, परत कर्फ्यू लागला, आणि दक्षिणेतल्या गेस्ट हाऊसवाल्यांचा उरलासुरला सीझनही गेला.

आणि ही ॲडव्हायजरी म्हणजे नुसता सल्ला असतो असं समजू नका, सगळं अडतं ते तिच्यावरच. सरकार जाऊ नका म्हणतंय तिथे गेलात तर बऱ्याच ट्रॅव्हल पॉलिसीत क्लेम मिळत नाही, म्हणून टूरवाले आपणहून ग्रुप रद्द करतात, म्हणून हॉटेलं रिकामी, म्हणून विमानंही. उलट ती उठली की कालपर्यंत जी रास्त भीती होती ती आज तुमचं वैयक्तिक कारण ठरते आणि कॅन्सलेशनचे पैसे तुमच्या माथी. घरात भांडणं व्हायची ती यावरूनच, बॉम्बवरून कमी. मे २०१८ ला तिथे १ लाख २९ हजार लोक गेले होते, मे २०१९ ला ३८ हजारसुद्धा नाहीत.

आपली ॲडव्हायजरी मेअखेरीस सैल झाली, ब्रिटनची ६ जूनला. ९ जूनला आपले पंतप्रधान कोलंबोत उतरले आणि स्फोट झालेल्या चर्चमध्ये गेले, हल्ल्यानंतर तिथे जाणारे ते पहिले परदेशी नेते. मग हॉटेलांनी निम्म्यावर दर आणले, १ ऑगस्टपासून भारतासकट ४८ देशांना व्हिसा फुकट, त्याच महिन्यात गॉलला टेस्ट झाली आणि हल्ल्यानंतर लावलेली आणीबाणीही उठली. त्या पावसाळ्यात जे गेले त्यांना हॉटेलच्या दारात बॅगांचं स्कॅनिंग, गाडीखालून फिरणारा आरसा, सिगिरियाला तुरळक माणसं आणि थ्रीव्हीलरवाल्याचे "परत या" हे दोन शब्द, असं चित्र दिसलं. २६/११ नंतर डिसेंबरात इंग्लंडची टीम परत येऊन चेन्नईला खेळली तेव्हा आपल्याला काय वाटलं होतं ते आठवा, म्हणजे त्या दोन शब्दांचं मोल कळेल.

पुढे कोरोना, २०२२ चं दिवाळं, पेट्रोलच्या रांगा, त्यात हा विषय मागे पडला. जानेवारी २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हल्ल्याच्या त्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष केल्याबद्दल माजी राष्ट्राध्यक्षांना १० कोटी श्रीलंकन रुपये भरपाई द्यायला लावली.

ऑक्टोबर २०२४ मध्ये पुन्हा हल्ल्याच्या शक्यतेचा इशारा आला, पूर्व किनाऱ्यावरच्या अरुगम बे या सर्फिंगच्या गावाबद्दल. या वेळी अमेरिकेच्या वकिलातीने गावाचं नाव घेऊन तेवढंच टाळायला सांगितलं. पोलिसांनी बंदोबस्त वाढवला, अटका झाल्या, बाकीच्या बेटावरच्या टूर चालू राहिल्या. त्या वर्षी पर्यटकांचा आकडा २०१८ नंतर पहिल्यांदा २० लाखांवर गेला, आणि त्यात पुन्हा सगळ्यात जास्त भारतीयच होते.