भिंत बांधाल हो, पण गटारातून येणाऱ्या पाण्याचं काय?

समुद्र वाढतोय म्हटलं की मीटिंगमध्ये पहिला प्रश्न ठरलेला, भिंत किती उंच घालायची. पण किनाऱ्यावरच्या शहरात पाणी बरेचदा भिंतीवरून येतच नाही, गटारातून येतं. पावसाचं पाणी समुद्रात सोडणाऱ्या पाइपांची तोंडं पूर्वी भरतीच्या वर असायची, आता अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला ती बुडतात आणि खारं पाणी उलटं चढून, आभाळात ढग नसताना, भर उन्हात चेंबरच्या झाकणातून बुडबुडत रस्त्यावर येतं. मग पाइपाच्या तोंडाला एकाच बाजूने उघडणारी झडप बसवायची, तिच्यात एक फळकूट अडकलं की ती उघडीच! आणि नीट बंद झाली अन् नेमका तेव्हाच जोराचा पाऊस आला तर ते पाणी जाणार कुठे, म्हणजे पंप आलेच. रेताड जमिनीत तर भूजलही समुद्राबरोबर वर येतं, तिथे भिंत काय कप्पाळ करणार.

१९०१ ते २०१८ मध्ये जगभरातली सरासरी पातळी साधारण २० सेंटीमीटर वाढली, बर्फ वितळलं आणि पाणी तापून फुगलं म्हणून. ऐकायला किरकोळ, पण आयपीसीसीचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलावरच्या शास्त्रज्ञ-समितीचा, २१०० पर्यंतचा अंदाज २८ सेंटीमीटरपासून एक मीटरपर्यंत जातो, आपण किती कार्बन सोडतो त्यावर. जमीन खचत असेल तर ते वेगळंच.

एवढा फरक असताना प्लॅन कुठल्या आकड्यावर करायचा? लंडनच्या थेम्स एस्चुअरी २१०० प्लॅनमधली (थेम्स नदीच्या मुखाकडचा पूर रोखायचा आराखडा) युक्ती मला पटते: कामं कॅलेंडरला नाही, पातळीला बांधायची. पाणी अमुक खुणेला आलं की तमुक काम, वाढ लवकर झाली तर तारखा अलीकडे. यात मेख अशी की पंपिंग स्टेशन उभं राहायला काही वर्षं जातात, त्यामुळे निर्णयाची खूण धोक्याच्या खुणेच्या बरीच खाली लागते, म्हणजे रस्ता कोरडा असतानाच पैसे मंजूर करा म्हणायचं, आणि तिथेच सगळं अडतं.

इथे रहिवाशांचा खरा उपयोग होतो. कुठलं चेंबर आधी उसळतं, कुठल्या कोपऱ्यावर पाणी घोट्यापर्यंत येतं हे त्यांना माहीत असतं. उधाणाला वेळ आणि जागा लिहून फोटो काढले तर इंजिनिअरला त्याचं मॉडेल, म्हणजे पाणी कुठे भरेल याचं कॉम्प्युटरवरचं गणित, पडताळून बघता येतं, कारण नकाशातली उंची हातभर चुकली तरी अख्खी गल्ली कोरडी दिसते. आणि काही ठिकाणी किनारा सोडून वस्तीच मागे हलवावी लागणार असेल तर भरपाई फक्त घरमालकाला की भाडेकरूलाही, हे त्याच मीटिंगमध्ये विचारा.