खाडी सोडून काठाने : मँचेस्टरच्या जहाजी कालव्याची पार्श्वभूमी

१८८०च्या आसपास इंग्लंडमधल्या लँकेशर परगण्यातल्या, म्हणजे मँचेस्टर परिसरातल्या, कापडगिरण्यांना सर्वांत जड जात होता तो शेवटचा जेमतेम पन्नास किलोमीटरचा प्रवास. लिव्हरपूलचे गोदीशुल्क आणि तिथून मँचेस्टरपर्यंतचे रेल्वेभाडे मिळून इतके होई, की देशाच्या दुसऱ्या किनाऱ्यावरच्या हल बंदरातून माल आणणे कित्येकदा स्वस्त पडे. मुंबईहून गेलेल्या कापसाच्या गासड्याही लिव्हरपूललाच उतरत. मंदीत हे ओझे पेलेनासे झाले आणि जून १८८२मध्ये मँचेस्टरजवळच्या डिड्सबरी इथे एका उद्योजकाच्या घरी, समुद्रातली जहाजे थेट मँचेस्टरला आणणाऱ्या कालव्यासाठी बैठक भरली.

बैठकीपुढे दोन आराखडे होते. एकात लॉकच नव्हते, म्हणजे पाण्याची पातळी वरखाली करून जहाज चढवणारे-उतरवणारे दरवाजेबंद कप्पे. समुद्राची भरती थेट मँचेस्टरपर्यंत येणार होती. ऐकायला हे भव्य वाटते, पण त्यात गोदी शहराच्या पातळीखाली खोल खड्ड्यात गेली असती आणि प्रत्येक गासडी वर ओढावी लागली असती. दुसऱ्या आराखड्यात लॉकच्या टप्प्यांनी जहाज सुमारे १८ मीटर वर चढवायचे होते. तोच स्वीकारला गेला, आणि ते योग्यच झाले.

खरा झगडा मात्र लिव्हरपूलजवळ समुद्राला मिळणाऱ्या मर्सी नदीच्या खाडीवरून पेटला. मूळ बेत खाडीतच भिंती बांधून खोल मार्ग राखण्याचा होता. त्याने गाळ साचून आमचे बंदर बुजेल, अशी लिव्हरपूलची हरकत होती. तिच्यात व्यापारी स्वार्थ होताच, पण गाळाची भीती खोटी नव्हती. कालव्याला संसदेची मंजुरी लागे. १८८३मध्ये त्याचे विधेयक लॉर्डांच्या, म्हणजे वरिष्ठ, सभागृहात पडले. १८८४मध्ये लॉर्डांनी मंजूर केले तर कनिष्ठ सभागृहाने अडवले. याच सुनावण्यांत लिव्हरपूलच्या बाजूच्या अभियंत्याने, मँचेस्टरच्या जागी असतो तर काय केले असते या प्रश्नावर, कालवा खाडीच्या काठावरच्या ईस्टहॅमपासून काठाकाठाने न्यावा असे सांगून टाकले. प्रवर्तकांनी तेच उचलले. १८८५मध्ये विधेयक मंजूर झाले. मार्ग ३६ मैलांचा झाला आणि खर्चही वाढला.

नोव्हेंबर १८८७मध्ये खोदाई सुरू झाली. ऐन भरात सतरा हजारांपर्यंत मजूर आणि शंभराच्या आसपास वाफेची खोदयंत्रे कामावर होती. मुख्य कंत्राटदार १८८९मध्ये वारला, पुरांनी झालेले काम बुडवले आणि १८९१पर्यंत पैसा संपला. तेव्हा शहराच्या महापालिकेने आधी ३० लाख, मग आणखी २० लाख पौंड कर्जाऊ दिले आणि संचालक मंडळात बहुमत घेतले. म्हणजे हा कालवा पुरा झाला तो करदात्यांच्या जिवावर. भागधारकांचे गोडवे गाताना ही गोष्ट सहसा मागे पडते.

१ जानेवारी १८९४ रोजी वाहतूक सुरू झाली, मे महिन्यात राणीच्या हस्ते उद्घाटन झाले. नाव मँचेस्टर बंदराचे असले तरी मोठ्या गोद्या शेजारच्या सॅलफर्डच्या हद्दीत होत्या. समुद्रापासून इतके आत असूनही ते पुढे ब्रिटनच्या आघाडीच्या बंदरांत गणले गेले. कंटेनरची मोठी जहाजे या लॉकमध्ये मावेनात. १९८२मध्ये सॅलफर्डच्या गोद्या बंद झाल्या आणि तिथे आता घरे, कार्यालये व स्टुडिओ आहेत. आज बहुतेक जहाजे दिसतात ती खालच्या टप्प्यात, स्टॅनलो आणि एल्समिअर पोर्टच्या बाजूला. लिव्हरपूलच्या हरकतीमुळे काठाने खोदावा लागलेला भाग तो हाच.