फिश सर्फबोर्ड: फरक तळाला असतो

दोन फिश बोर्ड शेजारी-शेजारी ठेवले, की वरून जुळे भाऊ वाटतात. आखूड लांबी, रुंद बांधा, भरलेलं नाक आणि मागे माशासारखी दुभंगलेली शेपटी. आता दोन्ही उलटे करा आणि तळाच्या मधोमध एक सरळ पट्टी लांबीत धरा. एकावर पट्टी बऱ्याच अंतरापर्यंत टेकून राहते. दुसऱ्यावर ती मधेच टेकते आणि दोन्ही टोकांना चांगली फट दिसते. या वक्रतेला 'रॉकर' म्हणतात. लाटेवर हे दोन बोर्ड वेगळे का वागतात, याचं बरंचसं उत्तर त्या फटीत आहे.

पाण्यावर चपटा दगड फेकून भाकऱ्या काढताना जे घडतं, तेच इथेही घडतं. वेग असेल तर पाणी चपट्या तळाला वर ढकलतं. वेग दुप्पट झाला की ही उचल साधारण चौपट होते. बोर्ड पाण्यात रुतून न चालता पाण्यावर घसरू लागतो. तळ जितका रुंद आणि सपाट, तितका हा घसरण्याचा टप्पा कमी वेगात गाठता येतो. म्हणून मऊ, कमी उताराच्या लाटेतही फिश पळतो. मात्र लाट उभी भिंत होऊन कोसळत असेल, तर सपाट नाक पाण्यात घुसण्याचा धोका वाढतो. तिथे जास्त रॉकरचा बोर्ड लाटेच्या पोटाशी जुळवून घेतो, पण सपाटीवर त्याचा वेग लवकर मरतो.

फिशचा जन्म कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोचा. तिथल्या स्टीव्ह लिसने १९६७ साली तो घडवला, तोही उभं राहण्यासाठी नव्हे, गुडघ्यांवर बसून लाट घेण्यासाठी. त्याआधी याच किनारपट्टीवर बॉब सिमन्सने वेगवान नौकांच्या तळाचं शास्त्र सर्फबोर्डला लावून रुंद शेपटीचे, दोन फिनचे (फिन म्हणजे तळाला मागे बसवलेलं कल्ल्यासारखं पातं) बोर्ड केले होते. लिसच्या आराखड्यातली मला सर्वांत देखणी वाटणारी गोष्ट म्हणजे शेपटीची खाच. रुंद शेपटी वेग देते, पण तिला कडेवर झुकवणं अवघड जातं. मधे खोल खाच घेतली की दोन अरुंद टोकं तयार होतात. सरळ जाताना दोन्ही टोकं पाण्यावर, वळताना भार फक्त एकावर. रुंदीचा फायदाही राहतो आणि वळताना अरुंद शेपटीची पकडही मिळते.

लिसच्या फिशला दोन 'कील' फिन असतात: पाया लांब, उंची कमी, जवळजवळ एकमेकींना समांतर आणि शेपटीच्या अगदी जवळ. मधे तिसरी फिन नाही, म्हणून तिचं घर्षणही नाही. बुटकी, लांब फिन पाणी सहसा एकदम सोडत नाही. कोन वाढत गेला तरी तिची पकड हळूहळू सैल होते. त्यामुळे या बोर्डचं वळण लांबलचक, ओघवतं असतं. घाईने पाय मारून तो वळत नाही. कडेवर वजन टाकायचं आणि थांबायचं.

१९७२ची जागतिक स्पर्धा सॅन डिएगोलाच झाली. पहिला आलेला जिम ब्लिअर्स आणि दुसरा आलेला डेव्हिड नुहिवा, दोघेही फिशवर होते.

पुढे ऑस्ट्रेलियाच्या मार्क रिचर्ड्सने हवाईच्या रेनो अबेलिराचा छोटा दोन फिनचा बोर्ड पाहिला आणि स्वतःच्या हाताने त्याचं वेगळंच रूप घडवलं. त्याने फिन उभट केल्या, पुढे सरकवल्या आणि त्यांची टोकं नाकाकडे किंचित आत वळवली. या आतल्या वळणामुळे सरळ जातानाही प्रत्येक फिन पाण्याला थोडी बाजूला ढकलते. दोन्ही बाजूंचे जोर एकमेकांना रद्द करतात, पण रोध मात्र उरतो. म्हणजे थोडा वेग खर्च होतो आणि त्या बदल्यात बोर्ड झुकताक्षणी वळतो. रिचर्ड्सने १९७९ ते १९८२ सलग चार विश्वविजेतेपदं मिळवली. उभ्या फिनची अडचण एवढीच, की ती सुटते तेव्हा एकदम सुटते आणि शेपटी बाजूला घसरते. सायमन अँडरसनने १९८०मध्ये तीन फिनचा 'थ्रस्टर' काढला, तो दोन फिनच्या याच निसटेपणाला कंटाळून.

सॅन डिएगोच्याच स्किप फ्रायने फिश लांबवला. त्याचे बोर्ड लवकर लाट पकडतात आणि दूरवर नुसते वाहत राहतात. छोट्या जागेत गर्रकन फिरवायला ते नाहीतच. रिच पॅव्हेलने चार फिनची वाट धरली. त्यात मधली फिन नसण्याचा मोकळा वेग राहतो आणि वळताना एका कडेला दोन फिनची पकड मिळते. मॅट बायोलसचा १९९०च्या दशकातला गोल नाकाचा फिश थ्रस्टरच्या जवळ जातो. आधुनिक वळणांची सवय असलेल्या माणसाला तो लगेच आपला वाटतो, तर लिसच्या बोर्डवर त्याच माणसाला पाय नव्याने शिकवावे लागतात.

तुलना करताना मी लांबी-रुंदीच्या आकड्यांवर फार विसंबत नाही. बोर्डच्या कडेवरून मधून शेपटीकडे बोट फिरवत न्या. सुरुवातीला कड गोल, मऊ लागते आणि एका ठिकाणी ती अचानक धारदार होते. गोल कडेला पाणी चिकटून वर चढतं, धारेपाशी ते तुटून सुटतं. ही धार पुढे सुरू झाली असेल तर बोर्ड सुटसुटीत आणि चपळ, पण थोडा हट्टी. अगदी मागे सुरू झाली असेल तर तो शांत आणि माफ करणारा. एकाच नावाच्या, एकाच मापाच्या दोन बोर्डवर ही जागा दोन-तीन इंचांनी वेगळी असू शकते.