चकव्याचा फाटा आणि तीन आरसे

गणपतीला निघालेली गाडी रात्री मुंबई-गोवा महामार्ग सोडून आतल्या रस्त्याला लागते, पावसात एका फाट्यावर भलतीकडे वळते आणि बऱ्याच वेळाने चूक कळते. घरी पोचल्यावर कुणीतरी म्हणतंच, "चकवा लागला असेल." चकव्याचा इथे काही संबंध नाही. दोष बहुतेक वेळा पाटीचा असतो आणि तो दुरुस्त करता येतो.

पाटीवरच्या चकाकत्या कागदाला आपण रेडियम म्हणतो. त्यात रेडियम नसतं आणि तो दिवसा उजेड साठवून रात्री प्रकाशतही नाही. तो हेडलाइटचा उजेड आल्या दिशेलाच परत पाठवतो. साध्या आरशाला हे जमत नाही, तिरका आलेला किरण तो पलीकडे फेकतो. पण खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन भेटतात तसे तीन आरसे काटकोनात जोडले, की गंमत होते. किरणाची दिशा तीन घटकांची बनलेली असते: डावी-उजवी, वर-खाली, पुढे-मागे. प्रत्येक आरसा यातला एकच घटक उलटा करतो. तिन्हींवर आपटून किरण निघतो तेव्हा तिन्ही घटक उलटलेले असतात, म्हणजेच तो आल्या वाटेला समांतर माघारी जातो. चांगल्या प्रतीच्या कागदात असे सूक्ष्म कोपरे दाटीने बसवलेले असतात. 1969 मध्ये अपोलो 11च्या अंतराळवीरांनी चंद्रावर ठेवलेले परावर्तकही याच तत्त्वाचे. पृथ्वीवरून सोडलेला लेसर त्यांच्यावरून आजही परत येतो.

मात्र उजेड हुबेहूब माघारी गेला तर तो दिव्यातच शिरेल, आणि डोळे असतात दिव्याच्या वर. म्हणून तो मुद्दाम किंचित पसरवतात. पाटी 100 मीटरवर असताना डोळे दिव्यापेक्षा अर्धा मीटर उंच असतील, तर पाटीपासून दिवा आणि डोळे यांच्यातला कोन सुमारे 0.3 अंश होतो. एसटीच्या ड्रायव्हरचे डोळे दिव्यापेक्षा 1.2 मीटर उंच धरले तर सुमारे 0.7 अंश. कोन वाढला की परत येणारा उजेड झपाट्याने घटतो. म्हणजे कारवाल्याला लख्ख दिसणारी पाटी एसटीवाल्याला मंद दिसू शकते.

त्यात कोकणची हवा. कागदावर दवाचे थेंब जमले की प्रत्येक थेंब भिंगासारखा किरण वाकवतो. शेवाळ आणि जांभ्याची लाल धूळ तर उजेड आत शिरूच देत नाहीत. इथल्या पाट्या श्रावणात, गणपतीच्या आधी, एकदा धुतल्याच पाहिजेत.

अक्षरांकडे तर फारच दुर्लक्ष होतं. ताशी 60 किलोमीटरला गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर जाते. एका पाटीवर सहा गावं लिहिली, तर वाचून होईपर्यंत फाटा मागे पडतो. शिवाय उजळ अक्षरांच्या कडा अंधारात फुगल्यासारख्या दिसतात. देवनागरीत 'घ' आणि 'ध', 'म' आणि 'भ' यांच्यातला फरक सांगायला शिरोरेषेतली फट महत्त्वाची, आणि नेमकी तीच बुजते. तेव्हा फट रुंद ठेवा, रेघा थोड्या बारीक करा, गावं तीनच लिहा आणि एक पाटी फाट्याच्या बरीच आधी लावा. नवी पाटी मंजूर करण्यापूर्वी ती पावसाळी रात्री एसटीच्या ड्रायव्हरशेजारी बसून वाचून बघावी.