प्रतापसिंहराव गायकवाड आणि सीतादेवी

बडोद्याचे शेवटचे राज्यकर्ते महाराज प्रतापसिंहराव गायकवाड (१९०८–१९६८) आणि त्यांची दुसरी बायको सीतादेवी (१९१७–१९८९). हे जोडपं आज कुणाला आठवलंच तर दोन कारणांनी, एक म्हणजे त्यांचं लग्न आणि दुसरं १९४६ नंतरच्या त्यांच्या युरोप-अमेरिकेच्या वाऱ्या, ज्यांचा हिशोब शेवटी दिल्लीने मागितला.

प्रतापसिंहराव हे सयाजीराव तिसरे यांचे नातू. वडील फत्तेसिंहराव आधीच वारलेले, म्हणून १९३९ मध्ये आजोबांनंतर गादी थेट नातवाकडे आली. पहिली पत्नी शांतादेवी, या कोल्हापूरकडच्या हसूरकर सरदारांच्या, आणि त्यांना आठ मुलं. सीतादेवी आंध्रातल्या पीठापुरमच्या राजाची मुलगी, उय्युरूच्या जमीनदाराची बायको, एका मुलाची आई. १९४३ मध्ये मद्रासच्या रेसकोर्सवर दोघांची गाठ पडली.

आता अडचण अशी की दोघंही विवाहित. सीतादेवींनी वकिलांच्या सल्ल्याने इस्लाम स्वीकारला, मुसलमान बाईचं हिंदू नवऱ्याशी लग्न टिकत नाही या आधारावर पहिलं लग्न कोर्टातून मोडून घेतलं आणि मग पुन्हा हिंदू होऊन महाराजांशी लग्न केलं. पण बडोद्यात दुसरी बायको करायला कायद्यानेच बंदी होती, आणि लग्नाच्या कायद्यात हे संस्थान बाकीच्यांच्या किती पुढे होतं बघा, हिंदूंना घटस्फोट देणारा कायदा तिथे १९३१ मध्येच आला होता. महाराजांचं म्हणणं एवढंच की कायदा प्रजेसाठी असतो, राजासाठी नाही. इंग्रज सरकारने नाकं मुरडली, पण गादीचा वारस शांतादेवींचा थोरला मुलगाच राहील या अटीवर विषय मिटवला. सीतादेवींना 'हर हायनेस' मात्र कधीच म्हटलं नाही.

महायुद्ध संपल्यावर दोघं निघाले ते मोनॅकोला, तिथे घर घेतलं, मग पॅरिस, लंडन, अमेरिका. पैसा पाण्यासारखा गेला. इंग्लंडात न्यूमार्केटला तबेला उभा केला, २८,००० गिनी देऊन एक शिंगरू विकत घेतलं (तेव्हाचा विक्रमी भाव) आणि त्याचं नाव ठेवलं 'सयाजीराव'! या घोड्याने १९४७ ची सेंट लेजर ही इंग्लंडातली मानाची शर्यत मारली, पुढच्या वर्षी त्यांच्याच 'माय बाबू' या घोड्याने टू थाउजंड गिनीज ही तशीच दुसरी शर्यत. म्हणजे पारख होती, नाही असं नाही, पण घरी संस्थान विलीन व्हायच्या वाटेवर असताना राजा परदेशात रेस बघतोय हे चित्र काही बरं नव्हतं.

खरा वाद दागिन्यांचा. गायकवाडांच्या खजिन्यातला सातपदरी मोत्यांचा हार, 'स्टार ऑफ द साउथ' आणि 'इंग्लिश ड्रेस्डेन' हे हिरे, खंडेरावांनी करून घेतलेला मोत्यांचा गालिचा, असं बरंच काही देशाबाहेर गेलं. तपासणीत महाराजांनी संस्थानाच्या तिजोरीतून मोठमोठी बिनव्याजी कर्जं उचललेली सापडली. काही वस्तू परत आल्या, बऱ्याच आल्याच नाहीत. लोक सगळा दोष सीतादेवींवर टाकून मोकळे होतात, ते काही पटत नाही, कारण तिजोरीच्या किल्ल्या आणि सह्या महाराजांच्या होत्या.

१९४८ पर्यंत बडोद्यातच राजाला हटवा अशी मागणी व्हायला लागली होती, जीवराज मेहता मुख्य प्रधान झाले आणि १ मे १९४९ ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. त्याच वर्षी महाराजा सयाजीराव विद्यापीठही सुरू झालं, तेही प्रतापसिंहरावांच्याच काळात, पण हे त्यांच्या खात्यावर फारसं कुणी मांडत नाही. पुढे त्यांनी विलीनीकरणालाच आव्हान देत राजेलोकांची संघटना बांधायला घेतली तेव्हा मात्र सरकारने १९५१ मध्ये त्यांची मान्यताच काढून घेतली आणि मुलगा फत्तेसिंहराव, म्हणजे पुढे क्रिकेट बोर्डाचे अध्यक्ष झालेले, त्यांना गादीवर मान्यता दिली.

१९५६ मध्ये घटस्फोट झाला. सीतादेवी युरोपातच राहिल्या, महाराणी म्हणूनच मिरवत राहिल्या. त्यांच्या पाचूच्या तोरड्या हॅरी विन्स्टन या जवाहिऱ्याकडे गेल्या, त्याने त्यांचा हार केला आणि तो घेतला डचेस ऑफ विंडसर वॉलिस सिम्पसनने, म्हणजे जिच्याशी लग्न करण्यासाठी इंग्लंडच्या आठव्या एडवर्डने गादी सोडली ती घटस्फोटित बाई (सीतादेवींना 'भारताची वॉलिस सिम्पसन' म्हणायचे, हा आणखी एक योग). न्यूयॉर्कच्या एका पार्टीत डचेसच्या गळ्यातला हार बघून सीतादेवी म्हणे सहज बोलून गेल्या की हे माझ्या पायात असायचे, तेव्हाही असेच छान दिसायचे. डचेसने हार परत पाठवला असं सांगतात.

प्रतापसिंहराव १९६८ मध्ये लंडनला वारले. दोघांचा मुलगा सयाजीराव, लाडाचं नाव प्रिन्सी, १९८५ मध्ये गेला आणि चार वर्षांनी सीतादेवी पॅरिसमध्ये. १९७४ मध्येच त्यांनी मोनॅकोत बरेच दागिने लिलावात काढले होते. मोत्यांचा गालिचा २००९ मध्ये दोह्याच्या लिलावात साधारण ५५ लाख डॉलरला गेला, त्याआधी २००७ मध्ये सातपदरीतल्या मोत्यांचा दोनपदरी हार न्यूयॉर्कला ७० लाख डॉलरच्या वर विकला गेला होता.